बुडावरचा आकडा

चिनी मातीच्या भांड्यांची पारख असलेला मनुष्य भांडे हाती येताच ते आधी उलटे करतो आणि नक्षीकडे मागाहून पाहतो. कारण ते कोणी, कोठे आणि कोणत्या काळी घडविले याची साक्ष बहुधा बुडाशीच उमटलेली असते. दुसऱ्या महायुद्धातील जपानी लष्कराच्या भांड्यांपुढे मात्र हा नेहमीचा रिवाज पुरेसा पडत नाही. सैन्याच्या वाडग्यावर तारा आणि आरमाराच्या भांड्यावर निळा नांगर अशी चिन्हे असतात, आणि हौशी संग्राहक त्यांवरच लुब्ध होतो. परंतु ती चिन्हे धन्याची आहेत, कारागिराची नव्हेत, आणि ते भांडे कोणत्या पंगतीत वाढले गेले याहून अधिक काही ती सांगत नाहीत. कारागिराच्या नावाची जागा त्या काळात एका चित्राक्षराने आणि त्यापुढील रुक्ष आकड्याने घेतलेली असते.

१९३७ मध्ये चीनशी युद्ध जुंपल्यानंतर कोळसा, धातू आणि मनुष्यबळ ही सारी सरकारच्या मुठीत जाऊ लागली, आणि शतकानुशतके आपापल्या रीतीने भट्ट्या पेटविणाऱ्या कुंभारांच्या गावांवरही दप्तराचा अंमल बसला. कोणत्या भट्टीने काय भाजावे, किती भाजावे, कोणत्या दराने विकावे, याचा हिशेब ठेवावयाचा, तर प्रत्येक कारखानदाराला क्रमांक हवा. आणि १९४१ च्या सुमारास असे नियंत्रणाचे क्रमांक भांड्यांवर उमटू लागले. गिफू प्रांतातील भट्ट्यांनी गिफूच्या नावातील पहिले अक्षर लावावयाचे, सेतोच्या भट्ट्यांनी सेतोचे, आणि त्यापुढे आपला आकडा. ज्या घराण्यांना आपल्या नाममुद्रेचा पिढीजात अभिमान होता, त्यांनाही या यादीत शेजारच्या साध्या कारखान्यासारखाच एक आकडा मिळाला.

अशा भांड्याचा एक नमुना डोळ्यांपुढे आणावा. वाडगा जाड, पांढरा, पडला तरी सहसा न फुटणारा. काठाखाली दोन हिरव्या रेघा, त्याखेरीज फूल नाही की पान नाही. बुडाच्या कड्यावर जेथे झिलई पुसून टाकलेली असते तेथे माती खरखरीत लागते, आणि कड्याच्या आत हिरव्या रंगात छापलेला किंवा ओल्या मातीत दाबून उठविलेला तो आकडा. कारखान्यांच्या भोजनगृहांतून आणि सैन्याच्या बराकींतून असली भांडी सारखीच वापरली जात.

हा आकडा वाचून भट्टीचे नाव काढावयाचे म्हणजे मूळ नोंदवह्या हव्यात, आणि त्या सर्व ठिकाणच्या सलग हाती लागत नाहीत. तेव्हा अभ्यासक भट्टीच्या उकिरड्याकडे वळतो. भाजताना वाकलेली, तडकलेली, एकमेकांना चिकटून बसलेली भांडी कुंभार भट्टीशेजारीच टाकून देतो. ती बाजारात गेलेली नसतात, म्हणून त्यांचा पत्ता बदललेला नसतो. एका भट्टीच्या ढिगाऱ्यात एकच आकडा पुन्हा पुन्हा सापडला, की तो कोणाचा याविषयी संशय राहत नाही. विकावयाच्या भांड्यापेक्षा फेकलेल्या भांड्याची साक्ष अधिक खरी, असा हा विलक्षण न्याय आहे! ज्या क्रमांकाने नाव झाकले, तोच आज ते नाव उघड करण्याचे सर्वांत भरवशाचे साधन झाला आहे.

क्रमांकांच्या या राज्याशेजारी दुसरी एक जात ठेवून पाहण्यासारखी आहे. नोकरी पुरी करून घरी परतणारा शिपाई आप्तेष्टांना वाटण्यासाठी मद्याचे छोटे प्याले खासगी रीतीने करवून घेई. त्यांवर पलटणीचे नाव असे, पुष्कळदा शिपायाचेही असे, ध्वज आणि फुले सोनेरी रंगाने रेखलेली असत. घेणाऱ्याची ओळख पूर्ण, घडविणाऱ्याची बहुधा शून्य.

१९४१ च्या धातुसंकलनाच्या फर्मानानंतर मंदिरांतील घंटासुद्धा वितळविण्यास गेल्या, आणि धातूची जागा मातीने भरून काढण्याची पाळी आली. गणवेशाच्या गुंड्या, कपड्यांच्या इस्त्र्या, शाळेच्या आवारातील, आदर्श विद्यार्थी म्हणून उभारलेले निनोमिया किंजिरोचे पुतळे, सर्व मातीचे. बिझेनच्या कुंभारांनी असे पुतळे भाजले. पत्र्याच्या डब्याऐवजी अन्न टिकविण्यासाठी हवाबंद मातीचे डबे निघाले. त्यांच्या झाकणात एक खळगा असे, आणि तेथे भोक पाडून हवा आत सोडली की झाकण निघे. १९४५ मध्ये क्योतो, सेतो आणि आरिता येथे मातीची नाणीही पाडली गेली. पण ती चलनात येण्यापूर्वीच युद्ध संपले आणि बहुतेकांचा चुरा करण्यात आला.

या साऱ्यांत अंगावर काटा आणणारी वस्तू म्हणजे १९४४ सालापासूनचा मातीचा हातबॉम्ब. गोल, आखूड मानेचा, तोंडाला रबरी टोपी. टोपी काढून काडी घासावी तसा घासून पेटवावयाचा. इवो जिमा आणि ओकिनावा येथे अमेरिकी सैनिकांच्या हाती असे गोळे लागले. यांतील बहुतेकांवर भट्टीचा पत्ता नाही, तेव्हा माती आणि झिलई यांवरूनच तर्क चालवावा लागतो: अंग शुभ्र व घट्ट असेल तर पोर्सेलीनच्या मुलखाकडे, लोहयुक्त आणि बिनझिलईचे असेल तर बिझेनसारख्या ठिकाणाकडे. असल्या तर्काने प्रदेश ठरतो, भट्टी नव्हे. आणि विक्रेत्याने याहून अधिक सांगितले तर पुरावा मागावा. सैतामा प्रांतातील बिन्नुमा नदीच्या काठी या गोळ्यांचे तुकडे ढिगाने पडले आहेत. पराभवानंतर शिल्लक माल तेथे टाकण्यात आला, म्हणून अनेक भट्ट्यांच्या मातीची तुलना एकाच जागी करण्याची सोय झाली.

शरणागतीनंतर नियंत्रणाचे क्रमांक हळूहळू मागे पडले. १९४७ पासून निर्यातीच्या मालावर ‘व्याप्त जपानमध्ये बनविलेले’ असा इंग्रजी शिक्का मारण्याचा नियम आला आणि तो १९५२ पर्यंत दिसतो. त्यामुळे बुडावर तो असलेली बशी लष्करी म्हणून दाखविली जात असेल, तर ती त्या युद्धातली नाही हे निःशंक समजावे.