बाद झालेल्या गड्याचं काय?

हुतूतू तुमच्यापैकी अनेकजण खेळले असतील. पण हा खेळ पूर्वी तीन तऱ्हांनी खेळला जायचा, हे माहीत आहे? तिघांत मुख्य फरक एकच होता: बाद झालेल्या गड्याचं काय करायचं.

'गामिनी'त तो बाहेर बसायचा, थेट अख्खा संघ बाद होऊन लोण चढेपर्यंत. 'संजीवनी'त समोरचा एक बाद झाला की आपला एक जिवंत होऊन परत यायचा. 'अमर'मध्ये तर कुणी बाहेर जायचंच नाही. गुण लिहायचा आणि खेळ चालू. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम छापून अखिल भारतीय सामने भरवले. पुढे नियमांची घडी बसत गेली आणि आजच्या कबड्डीत टिकली ती संजीवनी.

हार-जीत तिन्ही प्रकारांत होती, चिडवाचिडवीही असणारच. स्पर्धा वाईट असं मी म्हणत नाही. पण डॉक्टर म्हणून मला गामिनी खटकते. तिथे आधी बाद कोण होणार? जो कच्चा तो. म्हणजे ज्याला खेळण्याची गरज जास्त, तोच जास्त वेळ बसून! दम, तोल, चपळाई बसून कशी येणार? शिवाय एकाच वर्गातल्या दोन मुलांत जवळजवळ वर्षाचं अंतर असू शकतं, आणि वयात येणं तर काही वर्षं मागेपुढे होतं. दहाव्या वर्षी 'कच्चा' वाटणारा पुष्कळदा फक्त उशिरा वाढणारा असतो.

गल्लीतल्या पोरांना हे न शिकवता कळलेलं. त्यांनी 'कच्चा लिंबू' काढला: धाकट्याने सगळ्यांबरोबर धावायचं, पण त्याच्यावर राज्य नाही.

नॉर्वेच्या क्रीडा महासंघाने अशीच सोय कागदावर आणली. १९८७ मध्ये मुलांच्या खेळासाठी नियम केले, २००७ मध्ये ते सुधारले. सामने लहानपणापासून होतात. पण अकराव्या वर्षाआधी गुणतक्ते आणि क्रमवारी नाही, तेराव्या वर्षाआधी राष्ट्रीय अजिंक्यपद नाही.

आपल्याकडे सामन्याच्या सकाळीच पोट दुखणारी मुलं दवाखान्यात येतात. नीट तपासूनही काही सापडलं नाही की मी विचारतो, "मैदानात किती वेळ खेळतोस रे?"

मुलगा खाली बघतो. उत्तर आई देते, "राखीव आहे तो, डॉक्टर."