यामातो आणि फडताळातल्या कपबश्या

दिवाळीच्या सुट्टीत नातू आला तो प्लास्टिकच्या तुकड्यांनी भरलेलं एक खोकं घेऊनच. आठ दिवस जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरलेली आणि घरभर चिकटवायच्या सोल्युशनचा वास. शेवटी एकदाचं जहाज तयार झालं. "आजोबा, ही यामातो. सातशेपट लहान केलेली." मास्तरकी अंगात मुरलेली, मी लगेच फूटपट्टी काढली. साडेसदतीस सेंटिमीटर. म्हणजे खरं जहाज जवळजवळ २६३ मीटर लांब!

मंडळी, मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. पर्ल हार्बर शिकवलं, हिरोशिमा शिकवलं. पण या जहाजाचं नाव वर्गात कधी घेतल्याचं आठवत नाही. म्हणून सुट्टी संपून नातू गेल्यावरही महिनाभर वाचत बसलो.

१९२२ च्या वॉशिंग्टन तहाने कुणी किती युद्धनौका ठेवायच्या ते ठरवून दिलं होतं. अमेरिका आणि ब्रिटन पाच-पाच, तर जपान तीन, असं ते प्रमाण. जपानला ते डाचत होतं. १९३६ अखेर जपान या बंधनांतून मोकळा झाला आणि पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कुरेच्या गोदीत यामातोचं काम सुरू झालं. हिशेब साधा होता. अमेरिकेइतकी जहाजं बांधणं आपल्या कारखान्यांना जमणार नाही, मग एकेक जहाज असं बांधू की ते दोन-तिघांना भारी पडेल. शिवाय अमेरिकेची जहाजं पनामा कालव्यातून जायची, म्हणजे रुंदी जेमतेम ३३ मीटर. यामातो ३९ मीटर रुंद. एवढ्या तोफांचं जहाज अमेरिकेला बांधायचंच झालं तर कालव्यावर पाणी सोडावं लागेल, असा डाव. डाव म्हणून हुशारच म्हणायचा.

तोफा नऊ, प्रत्येकीचं तोंड ४६ सेंटिमीटरचं. एक गोळा १४६० किलोचा, जाणार ४२ किलोमीटर. सगळं भरून जहाजाचं वजन सुमारे ७२,००० टन. आणि गुप्तता इतकी की कागदोपत्री तोफा ४० सेंटिमीटरच्याच लिहिलेल्या. दुसरं जहाज, मुसाशी, नागासाकीत बांधलं. तिथे गाव डोंगरउतारावर, वरून सगळं दिसणार. म्हणून गोदीभोवती दोरखंडांचा प्रचंड पडदा लावला. त्यापायी कोळ्यांना जाळ्यांसाठी दोर मिळेना. १ नोव्हेंबर १९४० ला मुसाशी पाण्यात सोडली त्या दिवशी हवाई हल्ल्याची रंगीत तालीम आहे असं सांगून लोकांना घरात बसवलं. जहाज पाण्यात शिरताच अशी लाट उठली की पलीकडच्या काठावरच्या घरांत पाणी शिरलं. घरात बसलेल्या त्या माणसांना काय वाटलं असेल!

आता गंमत बघा. गंमत कसली म्हणा. १० डिसेंबर १९४१ ला मलायाजवळ जपानच्याच विमानांनी ब्रिटनची प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स ही दोन मोठी जहाजं बुडवली. भर समुद्रात लढायला सज्ज असलेली युद्धनौका नुसत्या विमानांनी बुडते, हे जगाला जपाननेच दाखवलं. आणि त्यानंतर सहाच दिवसांनी, १६ तारखेला, यामातो नौदलात दाखल झाली.

आमच्या घरी आईने पाहुण्यांसाठी म्हणून कपबश्यांचा एक सेट फडताळात ठेवला होता. पाहुणे आले तरी तो निघत नसे, कारण फुटला तर? यामातोचं तेच झालं. मिडवेच्या लढाईत ॲडमिरल यामामोतो तिच्यावरच होते, पण ती लढाईपासून शेकडो मैल मागे. मग बराच काळ ट्रुक बेटाशी नांगर टाकून. थंड हवेची सोय असलेल्या खोल्या, बरं जेवण. बाकीचे खलाशी तिला 'हॉटेल यामातो' म्हणत. तिच्या तोफा शत्रूच्या जहाजांवर पहिल्यांदा धडाडल्या त्या २५ ऑक्टोबर १९४४ ला, फिलिपिन्समध्ये समार बेटाजवळ. समोर छोटी विमानवाहू जहाजं आणि विनाशिका होत्या. टॉर्पेडो चुकवायला यामातोने तोंड फिरवलं आणि ती लढाईपासून दूर गेली. आदल्याच दिवशी मुसाशी बुडाली होती, हजाराहून जास्त माणसं घेऊन. तिसरं भावंड शिनानो. त्याला मध्येच विमानवाहू केलं. दाखल झाल्यापासून दहा दिवसांत एका पाणबुडीने ते बुडवलं.

आणि मग एप्रिल १९४५. अमेरिकन फौजा ओकिनावावर उतरल्या होत्या. हुकूम निघाला की यामातोने तिथे जायचं, किनाऱ्यावर रुतून बसायचं आणि संपेपर्यंत तोफा चालवायच्या. वर विमानांचं छत्र नाही. व्हाइस ॲडमिरल इतो यांनी आधी विरोध केला, मग मान्य केलं. परतीचं तेल दिलंच नव्हतं असं पुष्कळ वर्षं सांगत. पण साठ्याच्या तळाशी राहिलेलं तेल उपसून हुकमापेक्षा जास्त भरलं होतं, असं पुढे बाहेर आलं. ते उपसणाऱ्यांनी मनात काय आणलं असेल, ते सांगायला नको.

मी थांबलो ते एका लहानशा नोंदीपाशी. निघण्याआधी नौदल अकादमीतून नुकतीच बाहेर पडलेली पन्नासाहून अधिक मुलं किनाऱ्यावर उतरवली. आम्हाला राहू द्या म्हणून ती विनवत होती. कुणीतरी वरिष्ठाने ऐकलं नाही. वर्गातल्या विशीच्या आतल्या पोरांचे चेहरे मी इतकी वर्षं पाहिलेत, म्हणून असेल, पण त्या न ऐकणाऱ्या माणसाला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

७ एप्रिलला दुपारी साडेबाराच्या सुमारास विमानं आली. टॉर्पेडो बहुतेक डाव्याच बाजूला मारले. २ वाजून २३ मिनिटांनी जहाज उलटलं आणि आतला दारूगोळा फुटला. सुमारे ३००० माणसं गेली, पावणेतीनशेच्या आसपास वाचली. अमेरिकेची १० विमानं आणि १२ माणसं.

फोनवर नातवाला विचारलं, "अरे, तुझ्या जहाजावर माणसं का नाहीत?" तर म्हणाला, "आजोबा, या मापात माणूस अडीच मिलिमीटरचा होतो. ती वेगळी विकत घ्यावी लागतात." मे महिन्यात येताना आणणार आहे.