स्टार वॉर्स बाहुल्यांचा संग्रह
‘स्टार वॉर्स’ या अमेरिकन विज्ञानपटमालिकेतील पात्रांच्या छोट्या, स्वस्त प्लॅस्टिक बाहुल्या (ॲक्शन फिगर) जमविण्याचा छंद. जॉर्ज लूकस यांचा या मालिकेतील पहिला चित्रपट मे १९७७ मध्ये प्रदर्शित झाला. सिनसिनाटी येथील केनर कंपनीची खेळणी त्या वर्षीच्या नाताळापर्यंत तयार नव्हती. म्हणून बाहुल्या नंतर घरपोच मिळण्याची हमी देणारी पाकिटे विकण्यात आली. पहिल्या १२ बाहुल्या १९७८ मध्ये आल्या. मूळ उत्पादन १९८५ मध्ये थांबले व १९९५ मध्ये पुन्हा सुरू झाले. १९९१ मध्ये केनरची मालकी हॅस्ब्रो या खेळणी-कंपनीकडे गेली.

वैशिष्ट्ये : प्रमाणित उंची पावणेचार इंच (सु. ९.५ सेंमी.). मान, खांदे व मांड्या अशा पाच सांध्यांत हालचाल. लहान आकारामुळे किंमत कमी राहिली आणि बाहुल्यांच्या मापाची यानेही बनविता आली. संग्राहक न उघडलेले वेष्टन, मूळ शस्त्रे व उत्पादनातील भेद पाहतात, उदा., ‘जावा’ या पात्राच्या बाहुलीची आधीची प्लॅस्टिकची झूल नंतरच्या कापडी झुलीपेक्षा दुर्मिळ आहे.

महत्त्व : या बाहुल्यांनी पावणेचार इंची माप खेळणी-उद्योगात रूढ केले व चित्रपटाधारित मालाची बाजारपेठ विस्तारली. २०१२ मध्ये या बाहुल्यांचा अमेरिकेच्या ‘नॅशनल टॉय हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला. (पहा : खेळणी, छंद, बाहुली, विज्ञानपट).