वसतिगृहाचे दान : दानवीर माणिकचंदांपासून आजपर्यंत

ज्यांचे आयुष्य कापडाच्या पेढीवर गेले, त्यांना धर्मादाय खात्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. बिलाच्या तळाशी, आडत व हमालीच्या खाली, गाठीमागे किंवा शेकड्यामागे काही पैसे ‘धर्मादाय’ म्हणून लावण्याची रूढी आपल्या बाजारपेठांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ती रक्कम पेढीच्या गल्ल्यात पडली तरी मालकाची नसे. वहीत तिचे खाते स्वतंत्र असे आणि दिवाळीला नव्या वहीचे पूजन होण्यापूर्वी त्या खात्याचा हिशेब लागलाच पाहिजे, असा जुन्या मुनिमांचा आग्रह असे. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात या रूढीसाठी स्वतंत्र ५४ वे कलम घालण्यात आले. अशी रक्कम गोळा करणारा व्यापारी हा तिचा मालक नसून विश्वस्त आहे, असे ते कलम सांगते. २०१२ मध्ये या कायद्याच्या नावातील ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आले, कलम मात्र कायम राहिले.

या खात्यातील पैसा पूर्वी कोठे जात असे? पांजरपोळ, पाणपोई, धर्मशाळा, मंदिराचा जीर्णोद्धार, पंचकल्याणक प्रतिष्ठा. हे सर्व पुण्यकार्यच होय, त्याविषयी वाद नाही. परंतु गरीब घरातील मुलाच्या शाळेची फी, त्याची पुस्तके, परगावी त्याच्या राहण्याजेवण्याची सोय, हाही धर्मादायाचाच विषय आहे, ही जाणीव आपल्या समाजात तुलनेने उशिरा आली. ती कोणामुळे आली आणि कशी वाढत गेली, याचे स्मरण आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात करणे औचित्याचे ठरेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

या इतिहासाचा आरंभ मुंबईच्या मोतीबाजारात होतो. शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांचा जन्म १८५१ मध्ये सुरत येथे धनत्रयोदशीच्या दिवशी झाला. घरची स्थिती बेताची होती. वडील हिराचंद गुमानजी मुलांना घेऊन मुंबईत आले आणि ही मुले मोती ओवण्याचे काम करू लागली. मोत्याला छिद्र पाडून तो सरात ओवण्याचे हे काम नजरेचे आणि धीराचे असते. हात किंचित चुकला तर हजाराचा माल कवडीमोल होतो. या कामातून पारख आली, पारखेतून पत आली आणि पुढे ‘माणिकचंद पानाचंद जौहरी’ ही बंधूंची पेढी युरोपला मोती पाठविणारी नामांकित पेढी झाली. संपत्ती आली, मानसन्मानही आला, सरकारने जे. पी. ही पदवी दिली. समाजाने त्यांना ‘दानवीर’ म्हटले आणि तेच विशेषण त्यांच्या नावाला कायमचे चिकटले.

माणिकचंदांच्या काळी दाते थोडे नव्हते. त्यांचे वेगळेपण त्यांनी ओळखलेल्या अडचणीत आहे. त्या काळी हायस्कूल व कॉलेज मोठ्या शहरांतच असे. खेड्यातील जैन मुलगा बुद्धिमान असला तरी शहरात त्याला राहायला जागा नसे आणि जागा मिळालीच तर जेवणाचा प्रश्न उभा राही. रात्रिभोजन नाही, कंदमूळ नाही, पाणी गाळून प्यायचे. हे नियम पाळणारी खाणावळ कोठून मिळणार? तेव्हा आईवडील म्हणत की धर्म बुडवून शिकण्यापेक्षा दुकानावर बस. सधन घराला हे परवडे, कारण त्याचे दुकान असे. गरीब घरच्या मुलाला मात्र दुसऱ्याच्या दुकानावर चाकरीला बसावे लागे आणि बहुधा जन्मभर तो तेथेच राही. या मुलाच्या हाती दोन रुपये ठेवून उपयोग नव्हता. त्याला छप्पर हवे होते, वेळेवर शुद्ध भोजन हवे होते, आजारी पडल्यास पाहणारे कोणी हवे होते.

१९०० मध्ये माणिकचंद व त्यांच्या बंधूंनी वडिलांच्या स्मृत्यर्थ मुंबईत ‘शेठ हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग’ सुरू केले. आपल्या शास्त्रांत आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. वसतिगृह ही अशी एक वास्तू आहे की जेथे चारही दाने एकाच छताखाली घडतात. मुंबईपाठोपाठ अहमदाबादला त्याच कुटुंबाने प्रेमचंद मोतीचंद यांच्या नावे बोर्डिंग काढले. कोल्हापूरच्या दिगंबर जैन बोर्डिंगच्या इमारतीस साह्य केले. १९०५ मध्ये काशी येथे स्याद्वाद महाविद्यालयाचे उद्‌घाटन त्यांच्याच हस्ते झाले. मुंबईला गेलेल्या आपल्यापैकी अनेकांना सी. पी. टँकजवळील हिराबाग धर्मशाळा ठाऊक असेल, तीही याच कुटुंबाची देणगी होय.

कुटुंबाच्या दानाचा आणखी एक पैलू नोंदविला पाहिजे. माणिकचंदांची कन्या मगनबाई यांना ऐन तारुण्यात वैधव्य आले. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्या घराच्या कोपऱ्यात बसल्या असत्या, परंतु पित्याने त्यांना शिकविले. पुढे १९०९ च्या सुमारास मगनबाईंनी मुंबईत श्राविकाश्रम उभारून विधवा व निराधार भगिनींच्या शिक्षणाची सोय केली. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांच्या कन्या कंकुबाई या त्यांच्या सहकारी होत्या. दोन व्यापारी घराण्यांतील दोन लेकींनी हे काम पत्करले आणि पित्यांनी त्यांना अडविले नाही, यातच त्या पित्यांची थोरवी आहे.

माणिकचंद १९१४ मध्ये दिवंगत झाले. त्यानंतरच्या काळात मोत्यांच्या व्यापाराची काय दशा झाली हे जाणकारांना ठाऊक आहे. जपानचे संवर्धित मोती बाजारात आले, त्यात १९२९ नंतरची जागतिक मंदी, आणि मुंबईचा मोतीबाजार पाहता पाहता बसला. माणिकचंदांनी दरवर्षी पेढीच्या नफ्यातून बोर्डिंगचा खर्च चालविण्याची व्यवस्था ठेवली असती, तर त्या मंदीत विद्यार्थ्यांची जेवणाची पंगतही उठली असती. परंतु ताडदेवच्या जुबिली बागेसारखी स्थावर मालमत्ता त्यांनी ट्रस्ट करून वेगळी काढली होती. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हा फरक चटकन समजेल. एकात दान हा पेढीचा खर्च असतो. दुसऱ्यात त्या मालमत्तेवर पेढीचा हक्कच उरत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दानाची जी व्याख्या आहे, तिचा गाभाही स्वामित्व सोडण्यातच आहे. कुटुंबाची देणगी हक्क सुटतो त्या दिवशी संस्था होते, असे माझे मत आहे. आपल्या नागपुरात कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून १९४२ मध्ये उभी राहिलेली तंत्रशास्त्र संस्था पाहा. ते जैन नव्हते, पण हा न्याय तेथेही तोच आहे.

विदर्भात या परंपरेचे मोठे केंद्र कारंजा (लाड) हे होय. तीन गण-संघांची मंदिरे आणि हस्तलिखितांचे समृद्ध भांडार यांमुळे हे गाव विद्वानांना पूर्वीपासून परिचित होते. तेथे १९१८ मध्ये ब्रह्मचारी देवचंद यांनी महावीर ब्रह्मचर्याश्रम हे गुरुकुल स्थापन केले. हेच देवचंद पुढे मुनी समंतभद्र महाराज झाले. गुरुकुलात धर्मशिक्षणाबरोबर शालेय शिक्षणही होते. त्याच गावच्या चवरे घराण्याने अंबादास चवरे यांच्या नावे ग्रंथमाला चालविली. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील आणि पुढे नागपुरातील प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३१ पासून तीत अपभ्रंश ग्रंथ प्रकाशित होऊ लागले. एका लहानशा गावात एकीकडे मुलांना भोजन आणि दुसरीकडे ग्रंथांना छपाई मिळत होती, आणि दोन्हींमागे व्यापारी व जमीनदार कुटुंबांचाच पैसा होता.

आता या इतिहासातील एका अवघड पानाकडे वळले पाहिजे. स्मरणिकेत गौरवच लिहावा असा संकेत असला, तरी ते पान गाळून हा इतिहास पुरा होत नाही. कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ मध्ये जैन बोर्डिंग निघाले. कुंभोज येथे १८८७ मध्ये जन्मलेले भाऊराव पाटील त्याच बोर्डिंगात राहून शिकत होते. १९०८ च्या सुमारास अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर त्यांना स्नान करण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे.

बोर्डिंगच्या चालकांना आज दोष देणे सोपे आहे. त्या काळी प्रत्येक समाज आपापल्या मुलांसाठी वसतिगृह काढीत होता. स्वतः महाराजांनीही तोच मार्ग धरला होता, कारण मुलांना शिक्षणाकडे वळविण्याचा तो तातडीचा उपाय होता. परंतु जे छप्पर आपण मुलांना दिले, त्याच छपराखालून त्यातील सर्वांत मोठा मुलगा बाहेर पडला, ही वस्तुस्थिती उरतेच. आपल्या शास्त्रातील अभयदानाला तेथे मर्यादा पडली होती.

भाऊरावांनी पुढे काय केले हे सर्वश्रुत आहे. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह निघाले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवत आणि श्रम करून शिकत. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी त्या वसतिगृहाचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण केले. मुलांच्या भोजनासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले. ट्रस्टडीड नाही, स्थावर मालमत्ता नाही, मोतीबाजारातील पत नाही. एका जैन गृहिणीच्या सौभाग्यलेण्यांवर ती मुले जेवली. कुटुंबाच्या दानाचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही. योगायोग असा, की समंतभद्र महाराजांनी १९३४ मध्ये बाहुबली येथे जे गुरुकुल काढले ते कुंभोजजवळच, भाऊरावांच्या जन्मगावाशेजारी आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस ही दुसरी वाट अधिक रुंद झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला आणली. पुढे वाघोलीच्या शैक्षणिक प्रकल्पात मेळघाटातील आदिवासी मुले आली, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलेही आली. जैन कोण, हा प्रश्न तेथे कोणी विचारला नाही. जळगावला वाणिज्य व विधी शाखेचे पदवीधर भवरलाल जैन (१९३७-२०१६) यांनी १९६३ मध्ये घरातील सात हजार रुपयांच्या शिलकेवर रॉकेलविक्रीने व्यवसाय सुरू केला. पुढे उद्योग जगभर पसरल्यावर भवरलाल अँड कांताबाई जैन फाउंडेशन हे कौटुंबिक प्रतिष्ठान उभे राहिले, आणि शहरातील दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांच्या मुलांसाठी ‘अनुभूती’ची इंग्रजी माध्यमाची शाळा निघाली. आपल्याच मुलांना ज्या दर्जाचे शिक्षण द्यावे तेच मोलकरणीच्या व मजुराच्या मुलाला द्यावे, हा तिच्यामागील विचार आहे.

कायदाही याच दिशेने गेला. १९६१ च्या आयकर कायद्याने कलम १३ मध्ये अशी तरतूद केली, की केवळ एका विशिष्ट धर्मसमाजाच्या वा जातीच्या लाभासाठी नव्याने काढलेल्या धर्मादाय ट्रस्टला करमाफी मिळू नये. ८०-जी च्या सवलतीलाही तशीच अट होती. आपल्याकडील अनेक ट्रस्टांनी उद्दिष्टांत ‘सर्व समाज’ हे शब्द घातले, ते सल्लागाराच्या सूचनेवरून. कागदावर दरवाजा उघडला, मात्र अर्जाच्या नमुन्यात ‘पोटजात’ हा रकाना तसाच राहिला. गांधीबागच्या कापड बाजारात आपल्या गाठी ज्यांच्या पाठीवरून चढतात, त्या हमालांची मुले अर्ज घ्यायला येऊन तो रकाना पाहून परत गेली असतील, तर आपल्याला ते कळणार तरी कसे?

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे यासंबंधी दोन प्रस्ताव येत आहेत. पहिला, शिष्यवृत्तीच्या अर्जातील पोटजातीचा रकाना काढून त्या जागी पालकाचा व्यवसाय व वार्षिक उत्पन्न विचारावे आणि एकूण रकमेचा ठरावीक हिस्सा बाजारातील कामगारांच्या पाल्यांसाठी राखावा. दुसरा प्रस्ताव काही देणगीदार कुटुंबांना रुचणार नाही. ज्या कुटुंबाच्या नावे शिष्यवृत्ती आहे, त्याने यापुढे आपला विद्यार्थी सुचवू नये. निवड समितीनेच करावी आणि कुटुंबाला निवडलेल्या विद्यार्थ्याचे नाव वर्षअखेर कळवावे. विरोधाच्या सूचना कार्यालयाकडे लेखी द्याव्यात. माझ्या कुटुंबाच्या नावे जी एक शिष्यवृत्ती आहे, तिच्यापुरती या दुसऱ्या प्रस्तावाला मी लेखी संमती दिली आहे.