उभ्या गाडीला लागलेली आग

गाडी रात्री घराशेजारी उभी केलेली, किल्ली काढून घेतलेली, इंजिन थंड. आणि मध्यरात्री बॉनेटखालून धूर! अमेरिकेत १९९० च्या दशकात आणि त्यानंतर फोर्ड गाड्यांच्या अनेक मालकांनी अशा तक्रारी नोंदवल्या. ज्वलनाला इंधन, ऑक्सिजन आणि उष्णता लागते, हे आपण वर्गात शिकवतोच. प्रश्न होता तिसऱ्या गोष्टीचा. बंद गाडीत उष्णता आली कुठून?

या गाड्यांत फोर्डच्या ‘एफ’ मालिकेतील ट्रक मोठ्या संख्येने होते. ट्रक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मालाची लॉरी येते. अमेरिकेतला हा ट्रक म्हणजे पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली गाडी. ही मालिका १९४८ पासूनची. त्यातील एफ-१५० हलका, तर एफ-२५० ते एफ-५५० हे भारी कामाचे. शेतकरी, बांधकामाचे कंत्राटदार, नळकारागीर यांचे पोट अशा गाडीवर असते.

मालकांच्या तक्रारींची सरकारदरबारी नोंद होण्यामागेही इतिहास आहे. राल्फ नाडर यांनी १९६५ मध्ये ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ या पुस्तकातून मोटारींच्या सदोष रचनेवर टीका केली आणि १९६६ मध्ये वाहनसुरक्षेचा कायदा झाला. दोष आढळल्यास उत्पादकाने तो मालकांना कळवावा, असे बंधन आले. दुरुस्ती फुकट करून देण्याची सक्ती मात्र १९७४ च्या दुरुस्तीने आली. अंमलबजावणी पाहणाऱ्या शासकीय संस्थेकडे कोणीही मालक तक्रार पाठवू शकतो.

एका तक्रारीवरून काही सिद्ध होत नाही. जळालेली गाडी आपला पुरावा स्वतःच नष्ट करते. वायर उंदराने कुरतडली असेल, पेट्रोल गळले असेल. पण वेगवेगळ्या गावांतले, एकमेकांना न ओळखणारे लोक तेच तपशील लिहू लागले: गाडी उभी होती, बंद होती, आग चालकाच्या बाजूला, ब्रेकच्या मुख्य सिलिंडरजवळ सुरू झाली. निरीक्षण म्हणतात ते हेच.

तिथे एक लहानसा स्विच होता. लांबच्या रस्त्यावर गाडीचा वेग आपोआप कायम राखणारी ‘क्रूझ कंट्रोल’ यंत्रणा ब्रेक दाबताच बंद पडली पाहिजे. पेडलजवळच्या स्विचने ते काम केले नाही, तर ब्रेकतेलाच्या दाबाने चालणारा हा दुसरा स्विच ते करणार होता. म्हणजे तो बसवलाच होता सुरक्षिततेसाठी! टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने बनवलेल्या या स्विचमध्ये एका बाजूला ब्रेकतेल, दुसऱ्या बाजूला विद्युत संपर्कबिंदू आणि मध्ये ‘कॅप्टन’ नावाच्या बहुवारिकाचा पातळ पडदा होता. दाब हजारो वेळा वाढून-उतरून पडद्याला चीर गेली की तेल आत झिरपे.

ब्रेकतेल हे खनिज तेल नव्हे. ग्लायकॉलवर आधारलेला हा द्रव हवेतील बाष्प शोषतो, आणि पाणी व अशुद्धी मिसळल्या की त्यातून थोडा विद्युतप्रवाह वाहू लागतो. त्यातच किल्ली काढली तरी या स्विचचा बॅटरीशी संबंध तुटत नसे. धातू गंजू लागे, प्रवाह वाढे, प्लॅस्टिकचा भाग तापून वितळे आणि पेट घेई.

मग फ्यूज का उडाला नाही? समजा, फ्यूज १५ अँपिअरचा आहे आणि झिरपलेल्या द्रवातून ५ अँपिअर प्रवाह जातो आहे. फ्यूजच्या दृष्टीने सारे आलबेल! पण १२ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर म्हणजे ६० वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाग देण्याची इस्त्री बहुधा २५ वॅटची असते. अंगठ्याएवढ्या जागेत तिच्या दुपटीहून जास्त उष्णता!

१९९९ मध्ये फोर्डने १९९२-९३ सालच्या सुमारे २ लाख ७९ हजार मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. दोष तेवढ्यापुरताच मानला गेला. याच प्रकारचा स्विच ट्रकमध्येही होता, पण त्यांची पाळी यायला २००५ साल उजाडले. जानेवारीत सुमारे ८ लाख गाड्या, सप्टेंबरमध्ये ३८ लाख. एफ-२५० ते एफ-५५० हे भारी ट्रक ऑगस्ट २००६ च्या १२ लाखांत आले. २००७ मध्ये ३६ लाख आणि २००९ मध्ये आणखी ४५ लाख. एकूण १ कोटी ४० लाखांच्या वर. सहा वर्षांच्या त्या खंडाचे समर्थन करणे कठीण आहे. घरे जळाली, मृत्यूंबद्दलचे दावे न्यायालयात गेले.

उपाय साधा होता. आधी स्विचची जोडणी काढून टाकायची. क्रूझ कंट्रोल चालत नाही, गाडी चालते. नंतर त्या वायरीत स्वतंत्र फ्यूज बसवायचा. पण कामाचा जुना ट्रक तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे गेलेला असतो, आणि कंपनीचे पत्र त्याच्यापर्यंत पोचतेच असे नाही.

भारतात वाहन उत्पादकांच्या संघटनेने २०१२ मध्ये ऐच्छिक संहिता आणली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आले. ठरावीक टक्के मालकांनी दोष कळवल्यास केंद्र सरकार गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. फोर्डच्या स्विचमुळे लागलेल्या आगींच्या नोंदी काही शेकड्यांत होत्या. त्या ५०० धरल्या, तर १ कोटी ४० लाखांत हे प्रमाण ०.००४ टक्केसुद्धा भरत नाही. सुदैवाने आपल्या कलमात टक्केवारी हा एकच मार्ग नाही. चाचणीसंस्था किंवा अन्य स्रोताकडून आलेली माहितीही चालते.