काळ्या फुप्फुसाचं गाणं

ब्लूग्रास म्हणजे बँजोवर धावणारी बोटं आणि पुरुषांचे चढे सूर, असं समीकरण अमेरिकेत एके काळी पक्कं होतं. त्यात हेझल डिकेन्स नावाची बाई शिरली, आणि शिरली ती कोळशाची खाण सोबत घेऊन.

भूगोलाच्या पुस्तकात ॲपलाचियन पर्वत म्हणजे कोळशाचे साठे, एवढी एक ओळ असते. त्या ओळीतली माणसं हेझलच्या गाण्यात भेटतात. वेस्ट व्हर्जिनियातल्या मर्सर काउंटीत, अकरा भावंडांच्या घरात ती वाढली. वडील खाणींसाठी लाकूड वाहून नेत, शिवाय प्रिमिटिव्ह बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशकही होते. या पंथाच्या चर्चमध्ये वाद्यांना मज्जाव. सारं गाणं नुसत्या गळ्याचं. हेझलच्या आवाजाची धार तिथली. तो आवाज कानाला गोड लागत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तिनंही तो कधी गोड करायला घेतला नाही, आणि माझ्या मते तिचं मोठेपण त्यातच आहे.

पोटासाठी ती बाल्टिमोरला आली, कारखान्यांत राबली. तिथे आधी माइक सीगर आणि पुढे ॲलिस जेरार्ड भेटली. १९६५ साली दोघींची पहिली तबकडी निघाली. दोन बायकांनी पुढे उभं राहून ब्लूग्रास गायचं, हेच तेव्हा नवल!

तिचा भाऊ थर्मन खाणकामगार. तो ‘काळ्या फुप्फुसा’नं गेला. कोळशाची बारीक धूळ श्वासावाटे आत जाऊन बसते, फुप्फुस निबर होत जातं, माणूस हवेसाठी तडफडतो. यावर बरं करणारा इलाज नाही. नोव्हेंबर १९६८ मध्ये फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट होऊन ७८ कामगार गेले. पुढच्या फेब्रुवारीत वेस्ट व्हर्जिनियाचे हजारो खाणकामगार या रोगाच्या भरपाईसाठी संपावर गेले, आणि १९६९ संपता संपता धुळीवर मर्यादा घालणारा केंद्रीय कायदा झाला. हेझलनं भावावर ‘ब्लॅक लंग’ रचलं. ते ती वाद्यांशिवाय गाई. दम कोंडून मेलेल्या माणसाच्या गाण्याला बँजो हवाच कशाला?

केंटकीतल्या खाणसंपावरच्या बार्बरा कॉपल यांच्या ‘हार्लन काउंटी, यूएसए’ या माहितीपटात तिची गाणी आहेत; त्याला ऑस्कर मिळालं. २००१ मध्ये हेझलला राष्ट्रीय सन्मानवृत्ती मिळाली. २०११ च्या एप्रिलमध्ये ती गेली.

२०१८ साली एक अहवाल आला. व्हर्जिनियातल्या फक्त तीन दवाखान्यांत, चारेक वर्षांत, या रोगाच्या सर्वांत वाईट अवस्थेतले ४१६ खाणकामगार सापडले होते.