डोळ्यांची झेप आणि नऊ कुटुंबे

बोरिवलीहून चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलमध्ये खिडकीशी बसलेल्या माणसाचे डोळे कधी नीट पाहिले आहेत का? (गर्दीच्या वेळी हे जमणार नाही, दुपारची गाडी बरी.) बाहेरचा एखादा खांब नजरेत आला, की डोळे त्याच्याबरोबर हळूहळू मागे सरकतात आणि तो नजरेआड होण्याच्या बेतात आला, की झटकन पुढे उडी मारून दुसरा खांब पकडतात. पुन्हा सरकणे, पुन्हा उडी. अंधेरी ते विलेपार्ले एवढ्याशा अंतरात हे कितीतरी वेळा घडते आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. जर्मन डॉक्टरांनी डोळ्यांच्या या हालचालीला चक्क रेल्वेचेच नाव दिले होते.

यात दोन वेगवेगळ्या हालचाली आहेत. एक संथ, पाठलागाची. दुसरी झेपेची. पुस्तक वाचताना आपली नजर ओळीवरून सलग घसरत नाही, ती टप्प्याटप्प्याने उड्या मारते, हे 19व्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये एमील झावाल यांच्या प्रयोगशाळेत लक्षात आले. या उड्यांना शास्त्रज्ञ 'सॅकेड' म्हणतात. जागेपणी आपण सेकंदाला साधारण तीन अशा झेपा घेतो. मोठ्या झेपेत डोळ्याचा वेग सेकंदाला 500 अंशांच्याही वर जातो. शरीराच्या हालचालींपैकी ही एक सर्वांत वेगवान हालचाल आहे.

वर्गात एक प्रयोग जरूर करून पाहा. विद्यार्थ्याला आरशासमोर उभे करा आणि आरशातल्या स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे, मग उजव्या डोळ्याकडे आळीपाळीने पाहायला सांगा. स्वतःचे डोळे हललेले त्याला कधीच दिसणार नाहीत; शेजारी उभ्या असलेल्या मित्राला मात्र स्पष्ट दिसतील. झेप चालू असताना मेंदू त्या क्षणापुरते पाहणे जवळजवळ बंद ठेवतो.

आता कल्पना करा, की ही झेपच मंदावली आहे. डोळा जिथे जायचा तिथे जातो, पण उडी मारून नव्हे. तेल घातलेल्या पाटावरून वाटी सरकावी तसा सरकत सरकत. असे डोळे असलेली माणसे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दिसली, ती एकाच घराण्यात अनेक अशी दिसली आणि त्यातून एका दुर्मिळ रोगाची ओळख जगाला झाली.

डॉ. नोशीर वाडिया (1925–2016) हे ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालयातले मज्जाविकारतज्ज्ञ. लंडनमध्ये प्रशिक्षण घेऊन ते 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईला परतले. तेव्हा आपल्या देशात या विषयाचे तज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके होते. 1971 साली त्यांनी आर. के. स्वामी यांच्यासह 'ब्रेन' या लंडनहून निघणाऱ्या नामांकित नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध केला. विषय होता, पिढ्यान् पिढ्या चालणारा, लहान मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या ऱ्हासाचा एक नवा प्रकार, ज्यात डोळ्यांच्या हालचाली मंद असतात. शीर्षकातच कंसात लिहिले होते : नऊ कुटुंबे.

लहान मेंदूच्या ऱ्हासाचे आनुवंशिक रोग तेव्हा नवे नव्हते. जर्मनीतल्या फ्रीडराइश यांनी त्यातला एक 1863 पासून वर्णन केला होता. पण पुढच्या शंभर वर्षांत या रोगांच्या वर्गीकरणाचा पुरता गोंधळ झाला होता. कुणी मृत्यूनंतर मेंदूचा कोणता भाग झिजलेला दिसतो त्यावरून नाव देई, कुणी शोधणाऱ्या डॉक्टरच्या नावावरून. सगळ्यांचे मुख्य लक्षण एकच : तोल जाणे. चालताना पाय फाकतात, झोकांड्या जातात, बोलणे अडखळते, हातात धरलेला कप डचमळतो. अशा माणसाला रस्त्यावर लोक दारू प्यालेला समजतात आणि त्याच्या वाट्याला जो अपमान येतो तो निराळाच.

वाडिया आणि स्वामी यांचे वेगळेपण असे, की त्यांनी पायांइतकेच डोळ्यांकडे पाहिले. हे वाटते तेवढे सोपे नाही. डॉक्टर डोळ्यांच्या हालचाली कशा तपासतात? आपले बोट रुग्णासमोर धरून सावकाश इकडून तिकडे नेतात आणि त्याच्याकडे पाहत राहायला सांगतात. म्हणजे तपासली जाते ती पाठलागाची हालचाल. या रोगात ती बराच काळ शाबूत असते! सावकाश फिरणाऱ्या बोटामागे रुग्णाचा डोळा व्यवस्थित फिरतो आणि कागदावर 'डोळे ठीक' अशी नोंद होते. मंदपणा उघडा पडायचा तर दोन वस्तू दूर दूर धरून 'आता इकडे पाहा, आता तिकडे पाहा' असे म्हणावे लागते. रुग्ण तर आपण होऊन डोळ्यांची तक्रार सहसा करतच नाही. त्याची चिंता जिना कसा उतरायचा ही असते.

शिवाय 1971 हे साल लक्षात घ्या. मेंदूचे सी.टी. स्कॅन काढलेला जगातला पहिला रुग्ण लंडनमध्ये त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातला. जनुक वाचण्याची तर सोयच नव्हती. हाती होते ते म्हणजे निरीक्षण, रबरी हातोडी आणि वंशावळ. माझ्या मते यातली तिसरी गोष्ट सर्वांत कष्टाची. रुग्णालयात येतो एक माणूस. त्याचे भाऊ, आत्या, चुलत भावंडे निरनिराळ्या गावी पांगलेली असतात. त्यात 'घराण्यात रोग आहे' हे उघड बोलायला कोण तयार होणार? घरात लग्नाची मुलगी असते. एका कुटुंबात दिसले तर योगायोग म्हणून सोडून देता येते, नऊ कुटुंबांत दिसले की तो रोग ठरतो. म्हणूनच शीर्षकातल्या त्या कंसाला महत्त्व.

वंशावळींवरून वारशाची रीतही कळली. रोग प्रभावी गुणधर्मासारखा उतरत होता : आई किंवा वडील, कुणा एकाला रोग असला तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी. वाटाण्याच्या झाडांचे कोष्टक शिकवताना एक गैरसमज हटकून होतो, तो इथे फार महाग पडतो. चार मुले असतील तर दोघांनाच होईल असे नव्हे. प्रत्येक जन्माच्या वेळी नाणे नव्याने उडवले जाते. चौघेही सुटू शकतात, चौघेही सापडू शकतात.

त्याच 1971 साली मुंबईत डोळ्यांची एक अगदी वेगळी साथ आली होती, तिचा उल्लेख जाता जाता करायला हवा. डोळे येण्याची ही साथ 1969 मध्ये घानामध्ये सुरू झाली आणि आशियाभर पसरली. बंगालमध्ये लोकांनी तिला 'जय बांगला' नाव ठेवले. डोळे चार-आठ दिवसांत बरे होत. पण नंतर काही थोड्या लोकांचे पाय पोलिओसारखे लुळे पडू लागले, तेही प्रौढांचे. पायाच्या रुग्णाला 'मध्यंतरी डोळे आले होते का?' हे विचारायचे कुणाला सुचणार? वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दोहोंतला संबंध दिसला, आणि 1972 व 1973 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी तो मांडला. ही साथ आणणाऱ्या विषाणूला पुढे एन्टेरोव्हायरस 70 असे नाव मिळाले. तो पोलिओच्या विषाणूचाच भाऊबंद निघाला, तेव्हा लुळेपणाचा उलगडा झाला.

नऊ कुटुंबांकडे परत येऊ. मंद झेपेच्या रुग्णांमुळे एका अगदी शुद्ध शास्त्रीय प्रश्नाचीही तड लागायला मदत झाली. झेप ही सोडलेल्या बाणासारखी असते, एकदा सुटली की तिची दिशा बदलता येत नाही, असा तेव्हा समज होता. निरोगी माणसात याची परीक्षा घेणे अवघड, कारण झेप सेकंदाच्या काही शतांश भागात संपून जाते. अमेरिकेतल्या डेव्हिड झी आणि सहकाऱ्यांनी 1976 साली याच गटातल्या, म्हणजे मंद झेपेच्या रुग्णांवर मोजमापे घेतली. त्यांच्या झेपा इतक्या रेंगाळणाऱ्या होत्या, की मध्येच लक्ष्य हलवायला सवड मिळाली. आणि डोळा अर्ध्या वाटेत वळला! म्हणजे तो बाण नव्हता. मेंदू वाटेवरही लगाम हातात ठेवतो.

झेपेची आज्ञा सुटते ती मेंदूच्या देठातल्या पॉन्स नावाच्या भागातून. तिथल्या काही चेतापेशी एरवी गप्प असतात आणि झेपेच्या क्षणी संदेशांची सरबत्ती करतात. त्या कमी झाल्या की सरबत्ती फुसकी होते आणि डोळा सरकत जातो. मुंबईत वर्णन केलेल्या रोगात याच पेशी घटलेल्या असतात, हे म्यूनिकच्या शास्त्रज्ञांनी मेंदूच्या ऊतीवरून 2008 मध्ये दाखवले. त्या लेखाच्या लेखकांत वाडियांचेही नाव आहे. तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती.

मूळ कारण मात्र त्याआधीच सापडले होते, आणि त्याची वाट क्यूबामधून गेली. क्यूबाच्या ओल्गीन प्रांतात लहान मेंदूच्या आनुवंशिक ऱ्हासाचे रुग्ण जगात इतरत्र कुठेही नाहीत एवढ्या संख्येने आहेत. त्या घराण्यांच्या अभ्यासातून 1993 मध्ये दोषी जनुकाची जागा 12व्या गुणसूत्रावर असल्याचे कळले. 1996 च्या नोव्हेंबरात अमेरिका, जपान आणि फ्रान्समधल्या तीन गटांनी एकाच वेळी ते जनुक शोधल्याचे जाहीर केले. क्यूबातल्या रुग्णांचे डोळेही मंद होते. पुढे 1998 मध्ये सहा भारतीय कुटुंबांच्या जनुकीय तपासणीचा लेख वाडियांनी पुन्हा 'ब्रेन'मध्येच लिहिला. रोगाला आता 'एस.सी.ए. 2' असे रुक्ष नाव आहे; जुन्या नावांच्या यादीत 'वाडिया-स्वामी' आणि 'ओल्गीन' शेजारी शेजारी नांदतात.

दोष आहे तो हकल्याचा. या जनुकात सी-ए-जी ही तीन अक्षरे ओळीने पुनःपुन्हा येतात. बहुतेक निरोगी लोकांत असे 22 गट असतात. 33-34 च्या पुढे गेले की रोग होतो. प्रत्येक गट म्हणजे प्रथिनात ग्लूटामिन या अमिनो आम्लाचा एक मणी. माळ वाजवीपेक्षा लांबली की प्रथिन बिघडते. गंमत अशी, की निरोगी जनुकात मध्ये दोन ठिकाणी सी-ए-जी ऐवजी सी-ए-ए असते. अर्थ तोच, त्याचाही मणी ग्लूटामिनचाच. प्रथिनाला फरक पडत नाही, पण डी.एन.ए.ची नक्कल होताना हे दोन 'चुकीचे' शब्द खुंट्यांसारखे काम करतात आणि साखळी घसरू देत नाहीत. खुंट्या निघाल्या की नकलेत गट वाढत जातात. समानार्थी शब्द खरोखरच समान नसतात, हे भाषेच्या शिक्षकांना नव्याने सांगायला नको.

यातून एक जुना वादही मिटला. अशा काही घराण्यांत रोग पुढच्या पिढीत अधिक लवकर दिसतो, आजोबांना पन्नाशीत तर नातवाला विशीत, असे डॉक्टर फार पूर्वीपासून सांगत. ब्रिटिश आनुवंशशास्त्रज्ञ लायनेल पेनरोज यांनी 1948 मध्ये अशाच एका स्नायुविकाराबाबत हा नोंदींचा भास असल्याचे मांडले : लवकर आजारी पडलेली मुलेच नजरेत भरतात, म्हणून तसे वाटते. तर्क बिनचूक होता आणि तज्ज्ञांनी तो मानला. 1990 च्या दशकात गटांची वाढ प्रत्यक्ष मोजता आली, तेव्हा कळले की डॉक्टर आणि घरातली म्हातारी माणसे बरोबर होती. एस.सी.ए. 2 मध्येही पुढच्या पिढीत, विशेषतः वडिलांकडून वारसा आला तर, गट वाढतात. जितके गट जास्त तितकी डोळ्याची झेप मंद, असेही क्यूबातल्या मोजमापांत 2004 मध्ये दिसले.

रोग थांबवणारे औषध अजून नाही. व्यायाम, तोल सांभाळण्याचा सराव, बोलण्याचा आणि गिळण्याचा सराव यांनी काही वर्षे बरी जातात. रक्ताच्या एका चाचणीने निदान मात्र नक्की होते, आणि अवघड प्रश्न तिथूनच सुरू होतो. आजाऱ्याच्या पंचविशीतल्या निरोगी मुलीने चाचणी करून घ्यावी का? होकारार्थी आली तर हाती उपाय नाही. नकारार्थी आली तर डोक्यावरचे केवढे ओझे उतरेल. अल्पवयीन मुलांची अशी चाचणी करू नये, आणि मोठ्यांचीही समुपदेशनाशिवाय करू नये, असा संकेत जगभर आहे. याच जातीच्या हंटिंग्टन रोगाचा अनुभव असा, की धोका असलेले बहुतेक लोक चाचणी न करण्याचेच ठरवतात.

पण एस.सी.ए. 2 मध्ये डोळ्यांची झेप तोल जाऊ लागण्यापूर्वीच मंदावू लागते. रुग्णाला सोबत म्हणून आलेल्या भावाला डॉक्टरने सहज म्हटले, 'जरा इकडे पाहा, आता तिकडे,' तर रक्ताचा थेंबही न काढता त्याला पुढचे दिसू शकते, आणि भावाने तर काही विचारलेलेच नसते. मला वाटते, पेन्सिल हातात घेण्यापूर्वीही त्या भावाची परवानगी घ्यायला हवी.